रोज सायकल चालवूनही चाळिशीनंतर पोट का कमी होत नाही?

तुमचं म्हणणं असं की आठवड्याला शंभरेक किलोमीटर होतात तरी काटा हलत नाही, आणि सायकलिंगचे अंगाला चिकटणारे कपडे घालायची लाज वाटते. लाजेचं आधी बोलते. वजनाचं सांगायला बाकी लोक आहेतच.

मी 51 वर्षांची, पुण्यात राहते, बोपदेव घाट चढते आणि मला पोट आहे. गौरीजेवणाला आमचे धाकटे भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, एवढी सायकल चालवता, पण कुठे दिसत नाही हो!" मी तेव्हा दुसरी पुरणपोळी घेत होते. पंगतीत हशा. भाऊजी स्वतः सायकलला हात लावत नाहीत, टूर द फ्रान्स मात्र चुकवत नाहीत. मग वजनाच्या किलोमागे पाय किती वॅट ताकद लावतात हे सुरू झालं, टूर जिंकणारा पोगाचार कसा शिडशिडीत आहे वगैरे. म्हटलं, भाऊजी, त्याच्या ताटात काय वाढायचं ते ठरवायला टीमने आहारतज्ज्ञ ठेवलेत. मला अजून दुसरी पंगत वाढायचीय.

वॅटचा हिशोब खोटा नाही, पण तो चढावरचा. बोपदेव जास्तीच्या प्रत्येक किलोची किंमत पायांकडून वसूल करतो. वर पोचून सासवडच्या सपाटीला लागलं की झुंज मुख्यतः वाऱ्याशी, तिथे पोटाचा फारसा जाच नाही. 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राइडला, 13.5 तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 सुद्धा पडत नाही. मी ती वेळेत पुरी केली. भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "बरं, पण वजन?"

ग्रुपची जर्सी मागवतानाही उत्तर आलं, लेडीजमध्ये एवढा साइझ येत नाही. पुरुषांची घेतली. खांद्यात ढगळ होते, पोटावर नीट बसते. तुम्ही पॅडवाली शॉर्ट घ्याच. ढगळ ट्रॅकपँटने मांड्या सोलून निघाल्या की लाज आपोआप जाते. सिग्नलला बघणारे बघतात, तेवढ्यात हिरवा पडतो.

आता वजन. ताशी 20 च्या वेगाने तासाभरात साधारण 500 कॅलरी जातात. वर मिसळ, जादा पाव आणि गोड चहा झाला की बहुतेक परत. मिसळ सोडा असं मी सांगणार नाही, मग पहाटे पाचला उठायचं कशाला? चाळिशीनंतर स्नायू घटत जातात, बायकांची पाळी जाताना चरबी कमरेभोवती जमते, आणि नुसत्या सायकलने ते थांबत नाही. आठवड्यातून दोनदा वजनं उचला, ताटात डाळ-अंडी वाढवा. उपाशीपोटी लांब राइडला जाऊ नका, भाऊजींसारखं कुणी कितीही सांगितलं तरी.

हां, एक राहिलं. कंबर मोजा. बायकांची 80 सेंटिमीटरच्या किंवा पुरुषांची 90 च्या वर असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, सायकल चालवतो म्हणून त्यातून सूट नाही. माझी साखर काठावर होती, ती खाली आली. काटा जवळपास तिथेच आहे. भाऊजींचा काटा माझ्यापेक्षा बराच खाली. साखर किती विचारलं तर म्हणतात, तपासली नाही कधी.