वाचक विचारतात : चेंजिंग रूममधला आडोसा

जिमबद्दल या वेळी आलेल्या पत्रांमध्ये व्यायामापेक्षा कपडे बदलण्याचेच प्रश्न जास्त निघाले. त्यातले सहा इथे घेतले आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या जिममध्ये स्वतंत्र कप्पे नाहीत, नुसती बाकं आणि लॉकर. टॉवेल गुंडाळून कपडे बदलायला गेले की हमखास तो सुटतो. सगळ्यांसमोर फार अवघडल्यासारखं होतं.

टॉवेल सुटतो, कारण बहुतेक वेळा तो आखूड असतो. अंघोळीचा नेहमीचा टॉवेल ७० बाय १४० सेंटिमीटरचा असतो. कंबरेला तो पुरतो, पण छातीपासून गुंडाळायचा तर ९० बाय १६०च्या आसपासचा घ्या. दोन्ही टोकं एकमेकांवर किमान वीतभर यायला हवीत. तेवढी येत नसतील तर टॉवेल कितीही घट्ट खोचा, वाकलात की उघडणारच. गाठ मारू नका, जाड कापडात ती बसत नाही. टोक आत खोचल्यावर वरची कड बाहेरच्या बाजूला दोन-तीन वेळा गुंडाळा. त्या वळ्याने पकड येते. रोजच वापरायचा असेल तर वरच्या कडेला रुंद इलॅस्टिक घालून दोन प्रेस बटणं शिवून घ्या. मग दोन्ही हात मोकळे राहतात.

त्याहून महत्त्वाचा असतो क्रम. उघडं राहण्याचा वेळ कमी करायचा असेल तर कपडे काढण्याआधी तयारी पूर्ण हवी. कोपऱ्यातली जागा घ्या, पाठ लॉकरकडे करा. कोरडे कपडे बाकावर उलट्या क्रमाने रचा, म्हणजे आधी घालायचा तो सगळ्यात वर येईल. बूट आणि घामाचे मोजे पहिल्यांदा काढा. नाडीशी झटापट करताना वाकावं लागतं, आणि टॉवेल सुटतो तो नेमका तेव्हाच. पाय पुसून कोरडे मोजे चढवा (अंतर्वस्त्राच्या आधी मोजे का, ते पुढच्या एका उत्तरात आहे). मग टॉवेल गुंडाळून खालचे कपडे उतरवा. बसूनच कोरड्या अंतर्वस्त्रात दोन्ही पाय घालून ते गुडघ्यापर्यंत आणा, उभं राहा आणि टॉवेलच्या आतून वर ओढा. पँट चढल्यावर टॉवेल सोडायला हरकत नाही.

वरच्या कपड्यांसाठी सैल टी-शर्ट पुरतो. तो आधी अंगावर घाला आणि आतून ओली स्पोर्ट्स ब्रा काढा. हात फुलीसारखे धरून ती डोक्यावरून ओढली की घामाने तिची दोरी वळते आणि खांद्यापाशी अडकते. त्याऐवजी पट्ट्यात अंगठा घालून एक कोपर आतून बाहेर काढा, मग दुसरं, आणि शेवटी डोकं. रोजच ही कुस्ती होत असेल तर पुढून चेन किंवा मागून हूक असलेली ब्रा घेणं शहाणपणाचं.

आणि एक सांगायचं तर, तिथे सगळंच बदललं पाहिजे अशी सक्ती नाही. घरून व्यायामाचे कपडे घालूनच निघावं, परतताना फक्त वरचा ओला कपडा बदलावा, हेही चालतं. ओल्या कपड्यांत तासन्‌तास बसणं मात्र टाळा.

प्रश्न : व्यायामानंतर तिथेच अंघोळ करतो, पण कपडे घालेपर्यंत पुन्हा घाम. जीन्स तर पायाला चिकटून बसते आणि एका पायावर उड्या मारत राहावं लागतं.

व्यायाम थांबला तरी शरीर आतून तापलेलंच असतं आणि ते निवेपर्यंत घाम येतच राहतो. लगेच शॉवरखाली गेलात तर अंग पुसता पुसता पुन्हा भिजता. दहा-पंधरा मिनिटं हळू चालणं आणि ताण देणं झाल्यावर अंघोळ करा. पाणी कोमट ठेवा, शेवटी थोडं गार केलं तर बरं वाटतं. कडक गरम पाणी मात्र नको. पायांचा जोरदार व्यायाम झाल्यावर रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात, त्यात गरम पाण्याने रक्तदाब आणखी उतरतो आणि ओल्या फरशीवर उभ्या उभ्या चक्कर येऊ शकते.

अंग शॉवरच्या कप्प्यातच कोरडं करा. आधी तळहातांनी पाणी निपटून काढा. टॉवेलचं निम्मं काम तिथेच होतं. मग लहान टॉवेलने केस आणि मोठ्याने अंग पुसा. गुडघ्यांची मागची बाजू आणि मांड्या नीट कोरड्या झाल्या नाहीत तर जीन्स तिथेच अडकते. वरचा सैल सुती कपडा आधी घाला, जीन्स सगळ्यात शेवटी. ओले कपडे बंद पिशवीत दिवसभर कोंडले तर जंतू वाढून कुबट वास बसतो, आणि पॉलिएस्टरचा वास सहजी जात नाही. पिशवी जाळीची ठेवा किंवा पोचल्याबरोबर कपडे पसरा.

प्रश्न : छुपा कॅमेरा असेल अशी भीती वाटते. आरशावर नख टेकवून पाहायची युक्ती खरी का?

नख आणि प्रतिबिंब यांत फट दिसली नाही तर आरसा मागून आरपार दिसणारा आहे, असं ही युक्ती सांगते. तिच्यावर विसंबू नका. साध्या आरशात काचेच्या जाडीमुळे नख आणि प्रतिबिंब यांत फट दिसते, पण वरच्या पृष्ठावर लेप असलेल्या निर्दोष आरशातही ती दिसत नाही, आणि आरपार दिसणाऱ्या काचेचा लेप आतल्या बाजूला असला तर फट दिसूनही धोका असतोच. त्यापेक्षा चेहरा काचेला टेकवून दोन्ही हातांनी बाजूचा उजेड अडवा आणि आत पाहा, किंवा टॉर्च काचेला चिकटवून धरा. मागे पोकळी असेल तर काहीतरी दिसतं. नुसती भिंत असेल तर काही दिसत नाही.

कॅमेऱ्यासाठी रिकाम्या कप्प्यात दार लावून दिवा घालवा, टॉर्च डोळ्याजवळ धरा आणि प्रकाशाच्या रेषेतच हळूहळू नजर फिरवा. भिंग असेल तर टोकदार ठिपका चमकतो. कपडे बदलण्याच्या जागेकडे तोंड असलेल्या वस्तू आधी बघा : धुराची सूचना देणारं यंत्र, प्लगचा सॉकेट, जाडजूड खुंटी, सुवासाचा डबा, घड्याळ. अंधारात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बरेचदा दिसतात. तुमच्या फोनला ते दिसतात का, हे घरी टीव्हीच्या रिमोटवर आधी तपासा. हे सगळं दुसरं कोणी कपडे बदलत असताना मात्र करायचं नाही, नाहीतर संशय तुमच्यावरच येईल.

काही सापडलं तर ते उपटू नका. बोटांचे ठसे आणि आतलं मेमरी कार्ड हाच पुरावा. आहे तिथूनच त्याचा फोटो घ्या, बाहेर पडा, व्यवस्थापनाला लेखी कळवा आणि पोलिसांकडे जा.

प्रश्न : लॉकरला कुठलं कुलूप लावावं?

आधी लॉकरच्या कडीचं भोक मोजा. जाड दांड्याचं कुलूप आणायचं आणि ते भोकात जातच नाही, ही नेहमीची चूक. साधारण ६ मिलिमीटर जाडीचा दांडा बहुतेक ठिकाणी बसतो. सामानाच्या बॅगेचं चिमुकलं कुलूप नको. आकड्यांचं घेणार असाल तर चार चाकांचं घ्या : तीन चाकांवर १,००० जोड्या होतात, चारवर १०,०००. बंद केल्यावर सगळी चाकं फिरवा. नुसतं शेवटचंच हलवणारे बरेच असतात.

प्रश्न : पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्यात. जिममध्येच लागल्या असतील का?

शक्य आहे. ही बुरशी ओल्या, उबदार फरशीवर टिकते. शॉवरमध्ये आणि बाहेर रबरी चप्पल पायात हवीच. पण खरी चूक नंतर होते, बोटांच्या बेचक्या ओल्याच राहतात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली जागा सगळ्यात अरुंद, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच. पायांना वेगळा छोटा टॉवेल ठेवा. मोजे आधी आणि अंतर्वस्त्र नंतर, हा क्रम यासाठीच : उघड्या पायावरून अंतर्वस्त्र ओढताना बुरशी जांघेत पोचते.

औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका. खाज लगेच थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते. बुरशीनाशक मलम सांगितलेले दिवस पूर्ण लावा, त्वचा बरी दिसू लागली तरी. मधुमेह असेल किंवा त्वचेला भेगा पडून सूज आली असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मी लहान जिम चालवते. चेंजिंग रूमला एकच खोली आहे. फार खर्च न करता आडोसा कसा वाढवू?

आधी दार उघडं ठेवून बाहेरच्या पॅसेजमध्ये उभ्या राहा आणि आत काय दिसतं ते बघा. मग आरशांतून काय दिसतं तेही बघा. ही दुसरी पाहणी जवळजवळ कोणीच करत नाही. दारासमोर माणसाच्या उंचीपेक्षा उंच पार्टिशन आडवं लावलं की येणाऱ्याला वळसा घालावा लागतो आणि सरळ नजर तुटते. आरसा दाराच्या रेषेतून हलवा.

मग कप्पे. साधारण ९० बाय १२० सेंटिमीटरमध्ये माणूस वाकून पँट बदलू शकतो. त्याहून लहान कप्पा केलात तर लोक पडदा बाजूला सारून बाहेरच बदलतात. पडदा उघड्या जागेच्या दीडपट रुंद घ्या, दोन्ही बाजूंना भिंतीवर दहा सेंटिमीटर तरी जाऊ द्या आणि खालच्या शिलाईत वजन घाला, म्हणजे पंख्याने उडणार नाही. कापड पातळ असेल आणि दिवा माणसाच्या मागे असेल तर पडद्यावर सावली पडते. आतल्याला ते कळतही नाही. अस्तर लावा, दिवा छताला पडद्याच्या बाजूला घ्या आणि एक जण आत, एक बाहेर असं उभं राहून तपासा. प्रत्येक कप्प्यात दोन खुंट्या आणि बसायला फळी हवी. खुंटी एकच असेल तर स्वच्छ कपडे ओल्या फरशीवर जातात.

जमलं तर एक कप्पा आतून कडी लागणारा, पूर्ण दाराचा करा, १५० सेंटिमीटर मोकळ्या वर्तुळाएवढा. व्हीलचेअर तिथे वळू शकते, शिवाय मलमूत्रासाठी पोटाला पिशवी लावलेल्यांना, शस्त्रक्रियेचे व्रण असलेल्यांना, लहान मुलांना घेऊन आलेल्यांना आणि ट्रान्स व्यक्तींनाही तो सोयीचा पडतो. त्यावर ‘खास’ वगैरे पाटी लावू नका, कोणीही वापरू द्या. पाटी असली की गरजू माणूसही आत जायला कचरतो.

फोनची पाटी मात्र लावा, दाराबाहेर आणि आतही : इथे फोन पिशवीत. व्हिडिओ कॉलवर बोलणारा माणूस बहुधा वाईट हेतूने बोलत नसतो, पण समोरच्याला ते कसं कळणार? कर्मचाऱ्यांना टोकण्याचं वाक्य ठरवून द्या, “फोन बाहेर वापराल का, इथे लोक कपडे बदलतायत,” म्हणजे ते काम सदस्यांवर पडणार नाही.