शेप्या आंबा तोडायच्या आधी

प्रश्न : आमच्या मळ्यात आजोबांच्याही आधीचा शेप्या आंबा आहे, रसाला शेपूचा वास येतो. वाटणीत तो बांध काकांकडे गेला आणि ते म्हणतात दिवाळीनंतर झाड लाकडाला देऊन टाकू. मी मागच्या वर्षीच्या कोयी डब्यात जपून ठेवल्यात, त्या लावल्या तर हाच आंबा येईल ना? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : नाही येणार हो. एक तर वर्षभर वाळलेली कोय उगवतच नाही, ती ज्वारीच्या बियाण्यासारखी साठवून ठेवायची चीज नाही. आणि ताजी लावली तरी आपल्याकडच्या आंब्यांचं रोप आईवर जाईलच असं नाही, बाप कुठल्या बांधावरचा होता कोणाला माहीत! तोच वास, तोच रस पाहिजे तर कलमच करावं लागेल, आणि तेही याच पावसाळ्यात.

काकांशी झाडावरून भांडत बसू नका, आधी फक्त काड्या मागा. शेंड्याच्या काड्या घ्या, तीन-चार महिन्यांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, मोहोर न आलेल्या. कापायच्या आठ-दहा दिवस आधी पानं छाटायची पण देठ तसेच ठेवायचे, मग देठ आपोआप गळतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो, तेव्हा सकाळी लवकर काडी काढून ओल्या फडक्यात गुंडाळायची. इकडे यंदाच्या कुठल्याही गावरान कोयी पिशव्यांत लावून ठेवा, पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं कोवळं रोप झालं की त्यावर पाचर पद्धतीनं कोय कलम करायचं, म्हणजे रोपाचा शेंडा कापून मधे चीर द्यायची आणि काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची. पट्टी घट्ट बांधा आणि सावलीत ठेवा. आपल्या कोरड्या हवेत काडी लगेच सुकते म्हणून झड लागलेले दिवस बघूनच हात घाला. सगळीच कलमं जगत नाहीत, भरपूर करा, आणि जगलेली एकाच मळ्यात लावू नका, दोन-तीन नातेवाइकांकडे द्या, विहीर आटली तरी कुठंतरी एक राहील.

(मेहरूणच्या बोरासाठीही बरेच जण विचारतात. तिथं काडी नाही, डोळा भरायचा, म्हणजे चांगल्या बोरीचा एक डोळा सालीसकट काढून रानबोरीच्या सालीत बसवायचा. रानबोर उन्हाळ्यात बुडाशी छाटा, पावसाळ्यात नवीन फुटव्यावर डोळा बसवा.)

झाड उभं आहे तोवर ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत त्याची नोंद करून घ्या, फळाचे, कोयीचे फोटो काढा. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी होते, तिला फी नाही, अर्जासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.