पॅरिस सोडून फ्रान्समधल्या नदीकाठच्या छोट्या शहरात लोक कसे राहतात? (आर्लमधले माझे सात महिने)

तुम्ही विचारलंय की पॅरिसच्या बाहेर एखाद्या नदीकाठच्या गावात रोजचं आयुष्य कसं असतं, इतिहास वगैरे काही असतो का आणि आपल्यासारख्याला तिथं करमेल का. अख्ख्या फ्रान्सचं मी काय सांगणार, पण दक्षिण फ्रान्समधल्या आर्लचं सांगू शकते. ऑक्टोबर २०२२ ते एप्रिल २०२३ मी तिथल्या एका शाळेत इंग्रजीची असिस्टंट होते, आठवड्याला १२ तास शिकवायचं, महिन्याला आठशे युरोच्या आसपास हातात यायचे, म्हणजे पैसे बेताचे पण उंडारायला वेळ भरपूर.

आर्लच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एस आहे, तो म्हणायचा नाही. रोन नदी समुद्राला मिळायच्या आधी या गावाच्या जरा वरच तिचे दोन फाटे होतात, मोठी रोन आणि छोटी रोन, आणि त्या दोघींच्या मधला जो सपाट, पाणथळ, खारट पट्टा आहे तो कामार्ग. फ्लेमिंगो, पांढरे घोडे, काळे बैल, भातशेती आणि डास. डासांबद्दल टुरिस्ट वेबसाइटवर कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतेय. लोकवस्ती पन्नास हजारांच्या आसपास पण या पट्ट्याचा बराच मोठा भाग आर्लच्याच हद्दीत येतो, त्यामुळे क्षेत्रफळ ७५९ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईपेक्षा जास्त! आणि जुनं गाव मात्र चालत वीस मिनिटांत संपतं.

मी नाशिकची. नदी म्हटलं की डोळ्यासमोर घाट, पायऱ्या, धुणं, दिवे, भाजीबाजार. त्यामुळे पहिल्या दिवशी बॅग टाकून नदी बघायला निघाले तर नदी दिसेचना. गल्ल्या संपतात आणि पुढे दगडी भिंत. चढून वर गेलं की मग खाली एकदम प्रचंड पात्र, वेगाने जाणारं मातकट पाणी, काठाला एखादी क्रूझची लांबलचक बोट, आणि माणूस म्हणाल तर कुत्रा फिरवणारे दोघं. कुणी पाण्यात पाय सोडून बसलंय असं मी सात महिन्यांत पाहिलं नाही. १८४० आणि १८५६ ला मोठे पूर आले, त्यानंतर हे बांधबंदिस्तीचं काम झालं आणि गाव नदीकडे पाठ करून बसलं ते बसलंच.

मी राहायचे ला रोकेत नावाच्या भागात, पूर्वी नावाडी आणि कोळी लोकांची वस्ती, अरुंद गल्ल्या, आता अर्धी घरं पर्यटकांना भाड्याने देतात. माझी घरमालकीण सत्तरीची, मी तिला मादाम म्हणायचे, ती मला ‘मा पेतीत’ म्हणायची, आपण ‘बाळा’ म्हणतो तसं. नोव्हेंबरात एकदा तीन दिवस पाऊस लागला तर ही बाई दिवसातून दोनदा कोट घालून भिंतीपाशी जाऊन पाणी बघून यायची. मी म्हटलं टीव्हीवर सांगतात की, तर म्हणाली टीव्ही २००३ लाही होता. डिसेंबर २००३ मध्ये गावाच्या उत्तरेला रेल्वेच्या बांधाखालून रस्ते जायला जी भुयारं होती तिथून पाणी फुटून आत आलं, उत्तरेकडच्या वस्त्या आणि कारखाने पाण्यात, हजारो लोकांना हलवावं लागलं. तिच्या बहिणीचं घर त्यातच होतं. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून आमच्याकडे पूर मोजतात हे मी तिला सांगितलं, फोटो दाखवला, तिला इतका आवडला की तिने तो शेजारणीला पण दाखवायला लावला.

गंमत म्हणजे ज्या नदीकडे पाठ केली तिच्याच पोटातून गावाचा इतिहास निघतोय. रोमन काळात आर्ल मोठं बंदर होतं, आणि बंदर म्हटलं की कचरा आला, फुटकी मातीची भांडी, तेला-वाइनचे रांजण, सगळं नदीत. त्या कचऱ्याखाली २००४ मध्ये पाणबुड्यांना एक सपाट बुडाची मालवाहू बोट सापडली, ३१ मीटर लांब, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. गाळ आणि कचरा यांच्यामुळेच लाकूड टिकलं. २०११ मध्ये ती तुकडे करून वर काढली, आता म्युझियममध्ये आहे (गावातले लोक त्याला निळं म्युझियम म्हणतात, कारण बाहेरून निळं आहे, एवढंच). २००७ मध्ये नदीतच एक संगमरवरी डोकं सापडलं, ते ज्युलियस सीझरचं असं शोधणारे म्हणतात आणि काही तज्ज्ञ म्हणतात कशावरून. मी बघितलंय, कपाळाला आठ्या, गळ्यावर सुरकुत्या, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेल्या हेडमास्तरांसारखं.

अरेनाचं तर काय सांगावं. इसवी सन ९० च्या सुमाराचं, वीस हजार माणसं बसतील असं दगडी अँफिथिएटर. रोमन गेल्यावर लोकांनी त्याच्या कमानी बुजवल्या, वर टेहळणीचे बुरूज बांधले आणि चक्क आत राहायला गेले, दोनशेच्या वर घरं, चर्चसुद्धा! एकोणिसाव्या शतकात ती घरं पाडून मोकळं केलं आणि १८३० मध्ये फ्रेंचांनी अल्जिअर्स घेतलं त्या आनंदात तिथं बैलांचे खेळ केले. आज शनिवारी बुलवार दे लिसवर जो बाजार भरतो, लांबच लांब, तिथं मला कोथिंबीर आणि पुदिना मिळायचा तो अल्जेरिया-मोरोक्कोकडून आलेल्या कुटुंबांच्या स्टॉलवर. यावर मी जास्त काही बोलत नाही, फक्त दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या.

बैल हा विषय नाजूक आहे. दोन प्रकार असतात. एक स्पॅनिश पद्धतीचा, त्यात बैल मारतात, तो मी पाहिला नाही आणि पाहणारही नाही. दुसरा कामार्गचा स्वतःचा, त्यात पांढरे कपडे घातलेली पोरं हातात छोटा आकडा घेऊन पळतात आणि बैलाच्या शिंगांना बांधलेली फीत, गोंडे, दोऱ्या ओढून काढतात, बैल मागे लागला की कठड्यावरून उडी. बैल जिवंत घरी जातो, पुढच्या वेळी परत येतो, आणि पोस्टरवर नाव मोठं असतं ते बैलाचं. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या गप्पा ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे लगेच कळेल, अमुक बैलाने तमुक साली काय केलं यावर म्हातारे कॉफी गार होईपर्यंत बोलतात.

व्हॅन गॉगबद्दल थोडक्यात, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. फेब्रुवारी १८८८ ला आला, सव्वा वर्ष राहिला, तेवढ्यात तीनशेच्या आसपास चित्रं-रेखाटनं, कान इथंच कापला. मग तीसेक शेजाऱ्यांनी मेयरकडे अर्ज केला की या वेड्याला कोंडा. त्याचं पिवळं घर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. आज गावाच्या मालकीचं त्याचं एकही पेंटिंग नाही, त्याच्या नावाचं फाउंडेशन बाहेरून उसनी आणून लावतं, पण उशीपासून साबणापर्यंत सगळ्यावर तो आहे.

मला त्याच्यापेक्षा झान काल्माँ जास्त आवडते. १८७५ मध्ये आर्लमध्येच जन्मलेली, १९९७ मध्ये आर्लमध्येच गेली, वय १२२. फ्रान्समध्ये एक व्यवहार असतो, म्हाताऱ्या माणसाला दरमहा पैसे द्यायचे आणि तो गेला की घर तुमचं. १९६५ मध्ये बाई नव्वद वर्षांच्या असताना एका वकिलाने हा करार केला. तीस वर्षं पैसे भरले आणि १९९५ मध्ये तोच आधी वारला, उरलेले हप्ते बायकोने भरले! मादामने मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि वर म्हणाली, आर्लच्या बायकांशी पैज लावू नये.

आता रोजचं. बेकरीत शिरल्यावर आधी ‘बोंजूर’, मग पाव. मी एकदा घाईत सरळ पाव मागितला तर त्या बाईने शांतपणे ‘बोंजूर’ म्हटलं आणि मी म्हणेपर्यंत हात हलवला नाही. दुपारी बारा ते दोन बरीचशी दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी पण बरंच बंद, त्यामुळे माझे पहिले दोन सोमवार बिस्किटांवर गेले. पुण्यात शिकलेलं माझं फ्रेंच स्टेशनवरच कोसळलं कारण दक्षिणेत उच्चार वेगळा, ‘व्हँ’ म्हणजे वीस, तर तिकडे ते ‘व्हेंग’, ‘पँ’ म्हणजे पाव, तर ते ‘पेंग’. आणि मिस्त्राल! उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून येणारा गार कोरडा वारा, आकाश निळंशार आणि खाली माणूस वाकडा होऊन चालतोय. खिडक्यांच्या लाकडी झडपा रात्रभर आपटायच्या. मादाम म्हणायची की सुटला की लोक भांडतात. मी फोनवर आईशी भांडले तेही त्याच आठवड्यात, असो.

सगळं पोस्टकार्डसारखं नाही हं. रेल्वेचं मोठं वर्कशॉप होतं, कित्येक घरं त्यावर चालायची, ते १९८४ मध्ये बंद पडलं. आता त्या जागेवर कलाकेंद्र आहे आणि फ्रँक गेरी या आर्किटेक्टचा चमकणारा टॉवर, २०२१ मध्ये उघडलेला. माझ्या वर्गातल्या एका पोराचे आजोबा त्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, तो टॉवरला ‘चुरगळलेला कॅन’ म्हणायचा. उन्हाळ्यात फोटोग्राफीचा मोठा फेस्टिव्हल असतो, १९७० पासून, तेव्हा म्हणे गावात खोली मिळत नाही. जानेवारीत मात्र संध्याकाळी सातला रस्त्यावर तुम्ही, एक मांजर आणि वारा.

करमेल का? मला डिसेंबरपर्यंत नाही करमलं. मग एक दिवस कामार्गचा तांदूळ आणला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी व्हिएतनामकडून कारखान्यांत राबवायला आणलेल्या मजुरांना या भातशेतीला जुंपलं होतं, तिथून ती नीट उभी राहिली, आणि बरीच वर्षं त्यांचं नाव कुणी काढलं नाही. दाणा आखूड, जरा चिकट, बासमतीची सवय असेल तर नाक मुरडाल, पण मी इंद्रायणीवर वाढलेली. वरण, भात, वर लिंबू, तूप नव्हतं म्हणून लोणी कढवलं. वास वर गेला तशी मादाम खाली आली, दारात उभं राहून म्हणाली जळतंय का काही. मग बसली, जेवली, दोनदा भात घेतला, आणि त्यानंतर दर गुरुवारी वाडगा घेऊनच यायची.