असेंब्लीतील अंकगणित कोठून शिकावे?

प्रश्न : मला सी भाषा बऱ्यापैकी येते. सध्या लिनक्सवर एक्स८६ प्रोसेसरची असेंब्ली भाषा, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा थेट लिहिण्याची भाषा, शिकत आहे. बेरीज-वजाबाकी जमते, परंतु भागाकार केला की कधी उत्तर चुकते, तर कधी ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ असा संदेश येऊन प्रोग्राम बंद पडतो. प्रोग्राममध्ये अपूर्णांक तर एकही नाही. पुस्तके आणि व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण प्रत्येक ठिकाणी वेगळेच सांगितलेले आढळते. भरवशाचे साहित्य कोणते? – एक वाचक

उत्तर : संदेशाच्या नावाने गोंधळू नये. पूर्णांकांच्या भागाकारात चूक झाली तरी लिनक्स हाच संदेश देते. ते नाव जुने आहे आणि दिशाभूल करणारे आहे. ३२ बिटांच्या भाजकाने भागताना ‘डिव्ह’ ही आज्ञा ६४ बिटांचा भाज्य घेते, ज्याचा वरचा अर्धा भाग ईडीएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील संख्या ठेवण्याच्या छोट्या जागेत) आणि खालचा ईएएक्स या रजिस्टरमध्ये असावा लागतो. तुम्ही ईएएक्समध्ये १०० ठेवून ७ ने भागता, पण ईडीएक्समध्ये आधीचे काहीतरी राहिलेले असते. ते १ ते ६ यांपैकी असेल तर उत्तर गुपचूप चुकते. ७ किंवा त्याहून मोठे असेल तर भागाकार ३२ बिटांत मावत नाही आणि प्रोसेसर काम थांबवतो. म्हणून ‘डिव्ह’पूर्वी ईडीएक्स शून्य करावे. चिन्हांकित (उणेही असू शकणाऱ्या) संख्यांसाठी ‘आयडिव्ह’ वापरावी आणि तिच्यापूर्वी ‘सीडीक्यू’ देऊन ईएएक्सचे चिन्ह ईडीएक्समध्ये पसरवावे.

साहित्य पारखण्याची माझी कसोटी यातूनच आली आहे. कोणतेही पुस्तक हाती आले की प्रथम भागाकाराचे पान उघडावे. भाज्याचा वरचा भाग कोठे असतो, बाकी कोठे उरते आणि उत्तर मावले नाही तर काय होते, हे तेथे नसेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवण्यास हरकत नाही.

दुसरी कसोटी फ्लॅगची, म्हणजे निकालाविषयी प्रोसेसर ठेवतो त्या एकेका बिटाच्या खुणांची. शाळेत आपण ‘हातचा’ शिकलो, तोच कॅरी फ्लॅग. ओव्हरफ्लो फ्लॅग मात्र निराळी गोष्ट सांगतो, ती म्हणजे चिन्हांकित उत्तर मावले की नाही, आणि पुष्कळ लेखक या दोहोंची सरमिसळ करतात. आठ बिटांत २०० आणि १०० यांची बेरीज केली की ४४ उरतात आणि हातचा एक येतो, म्हणजे चिन्हरहित उत्तर मावले नाही. पण चिन्हांकित वाचनात तेच २०० म्हणजे उणे ५६. त्यात १०० मिळवले की ४४ हे अगदी बरोबर उत्तर आहे, म्हणून ओव्हरफ्लो शून्यच राहतो. याउलट १०० आणि ५० यांच्या बेरजेत हातचा येत नाही, परंतु चिन्हांकित उत्तर उणे १०६ होते आणि ओव्हरफ्लो एक होतो. प्रोसेसर बेरीज एकच करतो. कोणता फ्लॅग पाहायचा, हे आपण ठरवायचे असते.

संदर्भासाठी इंटेलच्या विकसक-पुस्तिकेचा दुसरा खंड मोफत मिळतो आणि अंतिम शब्द त्याचाच मानावा. तो सलग वाचण्याचा ग्रंथ नव्हे. हवी ती आज्ञा काढून तिची कृती आणि तिचे फ्लॅगवरील परिणाम एवढेच पाहावे. ‘इन्क’ ही एक मिळवण्याची आज्ञा कॅरी फ्लॅगला हात लावत नाही, यासारखे बारकावे तेथेच निःसंदिग्ध सापडतात. अंकगणिताच्या पद्धतींसाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ या ग्रंथमालेतील दुसऱ्या खंडाचे चौथे प्रकरण उत्तम आहे, मात्र ते सावकाश वाचावे लागते.

तुम्हाला दिसलेल्या विसंगतींचे एक कारण लेखनपद्धतीत आहे. इंटेल पद्धतीत निकाल ठेवण्याची जागा आधी लिहितात, तर एटी अँड टी पद्धतीत शेवटी. त्यामुळे वजाबाकी वाचताना हमखास उलटसुलट होते. प्रोसेसरही वेगळा असू शकतो. एआरएममध्ये वजाबाकीत उसना घ्यावा लागला नाही तर कॅरी एक असतो, एक्स८६च्या नेमके उलट. आणि रिस्क-फाइव्हमध्ये असे फ्लॅगच नाहीत.

सी येत असल्याने आणखी एक मार्ग तुम्हाला खुला आहे. लहान फंक्शन लिहून जीसीसी या कंपायलरकडून त्याची असेंब्ली काढून पाहावी. सुधारणांचा (ऑप्टिमायझेशनचा) पर्याय चालू असेल तर १० ने केलेला भागाकार तेथे बहुधा गुणाकार आणि शिफ्ट (बिट सरकवणे) या रूपात दिसेल, कारण भागाकाराची आज्ञा तुलनेने संथ असते. पण नवशिक्याने हे मूलभूत भाग समजल्यावरच पाहावे.

सरावासाठी एखादी संख्या दशमान पद्धतीने पडद्यावर छापणारा प्रोग्राम लिहावा आणि जीडीबी या डीबगरमध्ये एकेक आज्ञा चालवत रजिस्टरे पाहावीत. त्यात दर फेरीला १० ने भागावे लागते आणि बाकी ईडीएक्समध्येच येऊन बसते. ती पुसायला विसरलात तर पुढच्या भागाकारावर प्रोग्राम बंद पडणार नाही, कारण बाकी नेहमी १० पेक्षा लहानच असते. आकडे मात्र चुकीचे उमटतील.