युद्धात जिंकलेली जमीन इस्रायलची का मानत नाहीत?

प्रश्न असा आहे: "इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांची कायदेशीर सीमा नेमकी कुठली? १९६७ चं युद्ध इस्रायलने जिंकलं, मग ती जमीन त्यांची का मानत नाहीत? जिंकेल त्याचं, हा तर जगाचा नियमच आहे. आणि यात भारत कुठे उभा आहे?"

त्यातल्या 'जिंकेल त्याचं' या वाक्यासाठी मी लिहायला बसलोय. आमचे साडू हेच वाक्य मला वर्षानुवर्षं ऐकवत आलेत.

आधी सरळ उत्तर. दोघांनी सह्या करून ठरवलेली सीमा आजही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठराव १८१ मधला, पॅलेस्टाईनचे ज्यू आणि अरब असे दोन देश करणारा १९४७ चा फाळणीचा नकाशा जमिनीवर कधी उतरलाच नाही. १९४८ च्या लढाईनंतर १९४९ मध्ये शेजारच्या अरब देशांशी शस्त्रसंधी झाली, त्या करारांतली रेषा म्हणजे ग्रीन लाइन. तिलाच लोक '१९६७ ची सीमा' म्हणतात, कारण जून १९६७ च्या युद्धापर्यंत इस्रायलचा ताबा तिथवरच होता. ही कायमची सीमा नव्हे, हे त्या करारांतच नमूद आहे. यरुशलेममध्ये तर मोशे दायान आणि अब्दुल्ला अल-तल या दोन कमांडरांनी १:२०,००० च्या नकाशावर मेणाच्या पेन्सिलींनी रेघा ओढल्या. त्या रेघांच्या जाडीखाली घरं आणि गल्ल्या आल्या, आणि त्या कोणाच्या यावर पुढे भांडणं झाली.

तरीही मोजमाप त्या रेषेपासूनच होतं. सुरक्षा परिषदेने नोव्हेंबर १९६७ च्या ठराव २४२ मध्ये, युद्धाने प्रदेश मिळवणं मान्य नाही, असं लिहिलं. साडूंचा 'जगाचा नियम' १९४५ च्या आधीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने बळजबरीने भूभाग घेण्याचा हक्कच काढून घेतला, आणि त्या सनदेखाली इस्रायल स्वतः १९४९ मध्ये सदस्य झाला.

आता मी हे एवढ्या पोटतिडकीने का सांगतो ते सांगतो.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. २०१८ साली आमच्या धर्मग्रामातून पवित्र भूमीच्या यात्रेला ग्रुप निघाला, बरोबर फादर, माझी बायको, मेहुणी आणि साडू. यरुशलेमहून बेथलेहेमला जायचं म्हणजे आपल्याकडे वसईहून विरारला जाण्याइतकं अंतर. मध्ये नाका आणि इस्रायलने बांधलेली आठ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत. यरुशलेममधला आमचा गाईड ज्यू होता, त्याने आम्हाला नाक्यापाशी निरोप दिला. पलीकडे 'अ' क्षेत्र, म्हणजे पॅलेस्टिनी प्रशासनाखालचा भाग, तिथे इस्रायली नागरिकांना जायला बंदी असल्याच्या लाल पाट्या आहेत. पलीकडून दुसरा गाईड चढला, बेथलेहेमशेजारच्या बेत जालाचा, आमच्यासारखाच कॅथलिक. गळ्यात क्रूस आणि बोलणं अरबी वळणाचं इंग्रजी.

त्याने आम्हाला बेत साहूरला मेंढपाळांच्या शेतात नेलं. फादरांनी तिथे लूकच्या शुभवर्तमानातला उतारा वाचला, आम्ही नाताळचं गाणं म्हटलं, मार्च महिन्यात. बाहेर आलो तर समोरच्या टेकडीवर एका रंगाच्या, एका उंचीच्या इमारतींची रांगच्या रांग. माझ्या बायकोने विचारलं, हे कुठलं शहर? गाईड म्हणाला, हर होमा. आधी तिथे जबल अबू घनेम नावाची झाडीची टेकडी होती, १९९७ पासून इस्रायलने ही ज्यू वसाहत बांधायला घेतली. बेत साहूरच्या लोकांच्या जमिनी होत्या त्यात. पण कागदावर ती टेकडी यरुशलेम महापालिकेत आहे. १९६७ मध्ये इस्रायलने जॉर्डनच्या ताब्यातलं सहा-साडेसहा चौरस किलोमीटरचं पूर्व यरुशलेम घेतलं, आणि त्याबरोबर भोवतालच्या गावांची जमीन धरून सुमारे सत्तर चौरस किलोमीटर आपल्या महापालिकेच्या हद्दीत ओढलं. बेथलेहेमच्या मेंढपाळांची टेकडी अशी यरुशलेमची झाली.

त्या गाईडच्या घरची जैतुनाची झाडंही भिंतीपलीकडे गेलेली. काढणीला परवाना लागतो, तो त्याच्या वडिलांना मिळायचा, त्याला मिळत नव्हता. हे तो शांतपणे सांगत होता. आणि मागच्या सीटवरून साडू मला मराठीत म्हणाले, "युद्ध हरले, जमीन गेली. आता रडून काय होणार?"

मी तिथेच भांडलो. फादरांनी दोघांना गप्प केलं. साडूंना हे वाक्य नवीन नव्हतं. आमच्या वाडीच्या पश्चिमेला शेजाऱ्याने कंपाउंड घालताना आमच्याकडची पट्टी आत घेतली, वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले. सरकारी मोजणी आणली, मोजणीत पट्टी आमची निघाली, सातबाऱ्यावरही आमचीच. तेव्हा मध्यस्थीला साडू आले आणि म्हणाले, भिंत उभी राहिली ना, आता सोडून द्या. वडील गेले तरी ती भिंत तिथेच आहे, आणि सातबारा आमच्याच नावावर आहे. ताबा किती वर्षांचा आहे यावर साडू सगळं ठरवतात, पट्टीचं असो वा पॅलेस्टाईनचं.

म्हणून परत आल्यावर मी हा विषय मुळापासून वाचला. साडूंचा पुढचा मुद्दा तुम्हालाही कोणीतरी ऐकवेल: वेस्ट बँक (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा प्रदेश, बेथलेहेम त्यातच येतं) १९६७ च्या आधी पॅलेस्टाईनची नव्हतीच, जॉर्डनने ती १९५० मध्ये आपल्यात जोडली होती आणि ते जोडणंही जवळजवळ कोणी मानलं नव्हतं, मग ती कोणाकडून व्यापली? हीच इस्रायल सरकारची जुनी बाजू आहे. पण सप्टेंबर १९६७ मध्येच इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरोन यांनी आपल्या सरकारला लेखी कळवलं होतं की ताब्यातल्या प्रदेशात नागरी वसाहती करणं हे चौथ्या जिनिव्हा कराराच्या विरुद्ध जाईल. त्या करारातलं ४९ वं कलम सांगतं, ताबा घेणाऱ्याने आपली नागरी प्रजा तिथे नेऊन बसवू नये. मेरोन पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधीश झाले. आणि इस्रायलचं सर्वोच्च न्यायालय भिंतीच्या खटल्यांत वेस्ट बँकेला लष्करी ताब्याखालचा प्रदेश धरूनच निकाल देत आलंय. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने बेत सुरिक गावाजवळचा भिंतीचा मार्ग बदलायला लावला. ही माणसं काही इस्रायलची शत्रू नव्हती.

त्याच वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं, की ताब्यातल्या प्रदेशात बांधलेली भिंत बेकायदा आहे. भिंतीचा ठरलेला मार्ग सुमारे सातशे किलोमीटर, ग्रीन लाइनच्या दुपटीहून जास्त, आणि त्यातला बहुतेक भाग रेषेच्या आत, वेस्ट बँकेत. सुरक्षेसाठी भिंत हवीच असेल तर ती आपल्या हद्दीवर बांधावी, एवढं साधं आहे. १९ जुलै २०२४ ला त्याच न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं: या प्रदेशातलं इस्रायलचं असणंच बेकायदा आहे आणि ते लवकरात लवकर संपवावं.

सीमा ठरवताच येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी इजिप्तच्या सीमेवरचं 'ताबा' नावाचं गाव बघावं. आमची यात्रा एलातहून ताबाच्या नाक्याने सिनायला गेली. १९६७ मध्ये घेतलेलं सिनाय इजिप्तला परत देताना ताबा गावची एक चौरस किलोमीटरच्या आसपासची किनारपट्टी इस्रायलने सोडली नव्हती. हद्दीचा खांब कुठे होता यावर लवाद बसला, १९८८ मध्ये निकाल इजिप्तच्या बाजूने लागला, आणि इस्रायलने १९८९ मध्ये जागा परत दिली, बांधलेल्या हॉटेलासकट. इजिप्तशी झालेल्या १९७९ च्या करारामुळे तिथे सीमा होती. जॉर्डनशी १९९४ मध्ये ठरली. फक्त पॅलेस्टिनींच्या वेळी सीमा, यरुशलेम, वसाहती, निर्वासित हे चारही प्रश्न १९९० च्या दशकात इस्रायल आणि पॅलेस्टिनींत झालेल्या ऑस्लो करारात 'नंतर' म्हणून ठेवले, आणि त्या 'नंतर'च्या काळात वसाहती वाढत गेल्या. याला मी चालढकल मानत नाही, हे ठरवून केलेलं आहे.

आता काही गोष्टी, नाहीतर खाली कोणीतरी लिहीलच. मी वकील नाही. हेगची ही दोन्ही मतं सल्ल्याच्या स्वरूपाची आहेत, ती मोडली म्हणून कोणी पोलीस पाठवत नाही. दोन्ही बाजूंनी ठरवलं तर जमिनीची अदलाबदल करून रेषा सरकू शकते, कायदा आड येत नाही. ग्रीन लाइनच्या आतला इस्रायल वैध आहे. 'नदीपासून समुद्रापर्यंत सगळं आमचं' म्हणणाऱ्या कोणाच्याच हातात कायदा नाही, मग तो हमासचा असो वा इस्रायली मंत्रिमंडळातला. ७ ऑक्टोबर २०२३ चं हत्याकांड गुन्हाच होतं, आणि त्यानंतर गाझात जे झालं त्याने जमिनीचा हक्क कोणाला मिळत नाही. दिमोना, अश्दोदला आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू राहतात, त्यांच्या घरांबद्दल मी काही बोलत नाहीये.

भारताबद्दल. १९४७ मध्ये आपण पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या विरोधात मत दिलं, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली, २०१२ मध्ये त्याला निरीक्षक राष्ट्राचा दर्जा द्यायला हात वर केला. सप्टेंबर २०२४ मध्ये हेगच्या २०२४ च्या मताच्या आधारे इस्रायलने ताबा संपवावा, या ठरावावर आमसभेत मतदान झालं, १२४ देश बाजूने, १४ विरोधात, आणि आपण ४३ तटस्थांत. मला हे पटलेलं नाही. साडू म्हणतात, देशाचं हित बघावं लागतं, शस्त्रं तिकडून येतात. बघा ना. हितासाठी तटस्थ राहिलो असं सरळ सांगा, मी समजून घेईन. पण बेत साहूरची टेकडी जिंकली म्हणून त्यांची झाली, हे साडूंनी माझ्यासमोर पुन्हा म्हणू नये.