सांगलीच्या कॉलेजात बनवलेल्या वायबीसीओच्या गोळीवर चुंबक नीट का तरंगत नाही?

वायबीसीओ म्हणजे इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा पदार्थ. पुरेसा थंड केला की तो अतिवाहक होतो, म्हणजे वीज विनारोध वाहू देतो आणि चुंबकाला दूर ढकलतो. तुम्ही लिहिलंय की एका गोळीवर चुंबक उठतच नाही आणि दुसरीवर उठतो पण घसरून पडतो, व्हिडिओतल्यासारखा लटकत नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

चुंबक उठतच नसेल तर पहिला संशय ऑक्सिजनवर घ्या. पदार्थाच्या सूत्रात ऑक्सिजनचे अणू ७ च्या जवळ असले तर पदार्थ सुमारे ९२ केल्विनखाली अतिवाहक होतो, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनचे ७७ केल्विन पुरतात. तेच अणू ६ वर आले की तांब्याच्या शेजारी-शेजारी अणूंचे स्पिन (अणूंची इवली चुंबकं) एकमेकांच्या उलट दिशेने बसतात आणि हाती येतो प्रतिलोहचुंबकी विद्युतरोधक. दिसायला मात्र दोन्ही काळेच. ९४० अंश सेल्सिअसला (पुढचे अंशही सेल्सिअसच) गोळी ऑक्सिजन सोडते आणि थंड होताना, साधारण ६०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात, परत घेते. रात्री लाइट गेली आणि भट्टी भरभर उतरली की हे शोषण अर्धवट राहतं. आधी मल्टिमीटर लावा. किलोओहम दाखवत असेल तर गोळी टाकू नका. ऑक्सिजनच्या मंद प्रवाहात ४५० अंशांना दिवसभर ठेवा आणि मिनिटाला एक अंश या वेगाने उतरवा.

गोळी हिरवट असेल, म्हणजे त्याच धातूंचं दुसरं, हिरवं ऑक्साइड झालं असेल, तर दोष मिश्रणात किंवा भाजण्यात आहे. इट्रियम ऑक्साइड १.१२९ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ३.९४७ आणि कॉपर ऑक्साइड २.३८६ घेतलं, तर कार्बन डायऑक्साइड जाऊन सुमारे ६.६ ग्रॅम उरायला हवं. ६.९ भरलं तर कार्बोनेट शिल्लक आहे: पुन्हा खलात घोटा, पुन्हा ९२० अंशांना भाजा. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, मास्क लावूनच घोटा. गोळी थेट ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) भांड्यावर ठेवू नका, चिकटते आणि ॲल्युमिनियम आत शिरतं. खाली त्याच पावडरीचा थर द्या.

आता घसरण्याचं. गोळी आधी थंड करून मग चुंबक आणला तर ती त्याला नुसती ढकलते. चुंबकाखाली दोन-तीन मिलिमीटर पुठ्ठा ठेवून दोन्ही एकत्र थंड करा, मग पुठ्ठा काढा. चुंबकाच्या क्षेत्ररेषा गोळीतल्या दोषांत अडकतात आणि चुंबक जागा धरतो. तरी लटकणं भाजलेल्या गोळीला सहसा जमत नाही, कारण कणाकणांच्या सीमांवर प्रवाह तुटतो. व्हिडिओतले तुकडे वितळवून, ताशी एक अंशाहून हळू थंड करून वाढवलेले एकसंध स्फटिक असतात. गंमत म्हणजे त्यांत तोच हिरवा पदार्थ बारीक कणांनी मुद्दाम ठेवतात. रेषा अडकवायला तो मदत करतो.

नायट्रोजनसाठी कृत्रिम रेतन केंद्रात विचारा, जनावरांचं वीर्य त्यातच साठवतात. पावसाळ्यात गोळीवर बर्फ धरतं आणि चुंबक चिकटून बसतो. प्रयोग संपला की हेअर ड्रायरने गोळी लगेच कोरडी करा आणि सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. ओल लागली की पृष्ठभाग पांढरा पडत जातो.