फ्लाइट सिम्युलेटरमधले बोइंग ७३७ विमान गेटवर उभे असतानाच ‘व्हेरिफाय पोझिशन’ (जागा तपासा) असा इशारा दाखवते, आणि उड्डाणानंतर इतरही इशारे येतात. सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे का?

नाही, पुन्हा बसवू नका. विमानाच्या ठावठिकाण्याबद्दल त्यातल्या दिशादर्शन संगणकाकडे दोन साक्षी आहेत आणि त्या जुळत नाहीत, एवढाच या इशाऱ्याचा अर्थ आहे, आणि खोटी साक्ष बहुधा आपणच दिलेली असते. हे मी ठासून सांगतो, कारण याच एका ओळीवरून माझा आणि माझ्या धाकट्या मेव्हण्यांचा वाद गेल्या तीन दिवाळ्या चालू आहे.

आमचे विमान जुन्या ४०० मालिकेचे, जीपीएस नसलेले, आणि बेत नागपूर-मुंबईचा होता. विमानतळाचे अक्षांश-रेखांश मी फोनवरच्या नकाशातून वीजबिलाच्या पाठीवर उतरवून घेतले होते: २१.०९२२ उत्तर, ७९.०४७२ पूर्व. ते मी ‘एन २१०९.२’ आणि ‘ई ०७९०४.७’ असे भरले. संगणकाने आकडे निमूटपणे घेतले आणि थोड्या वेळाने तुम्हाला दिसते तीच ओळ उमटली. शेजारी बसलेले मेव्हणे म्हणाले, “क्लिअर दाबा भाऊजी, खेळच तर आहे,” आणि त्यांनी ती पुसूनही टाकली. ती परत आली तेव्हा त्यांनी रीस्टार्ट सुचवला. असा आम्ही तीनदा रीस्टार्ट केला, दर वेळी अलाइनमेंटसाठी, म्हणजे यंत्रणेने आपली जागा व दिशा जुळवून घेण्यासाठी, सात-आठ मिनिटे थांबलो, आणि दर वेळी मी त्याच वीजबिलावरचे तेच आकडे मोठ्या काळजीने भरले.

चौथ्या वेळी माझे लक्ष नकाशाच्या पडद्याकडे गेले. धावपट्टी विमानाखाली असायला हवी होती, ती चार नॉटिकल मैलांवर दिसत होती. भरलेले आकडे अंश आणि मिनिटे समजून फोनवर शोधले, तेव्हा आमचे ७३७ सोनेगावच्या विमानतळावर नसून सीताबर्डीत, झिरो माइलच्या आसपास, भर रहदारीत उभे असल्याचे कळले. फोन दशांश अंश देतो. विमानाला अंश, मिनिटे आणि मिनिटाचा दशांश लागतो. ०.०९२२ अंश म्हणजे साडेपाच मिनिटे, ९.२ नव्हेत. पुण्याहून निघालो असतो तर ७३.९१९७ मधली ‘९१ मिनिटे’ संगणकाने तिथल्या तिथे नाकारली असती; नागपूरचे आकडे लहान, म्हणून चूक खपून गेली.

पृथ्वी तासाला सुमारे १५ अंश फिरते. ते फिरणे आयआरएसच्या, म्हणजे विमानाची हालचाल मोजून जागा काढणाऱ्या यंत्रणेच्या, जायरोंना (फिरणे ओळखणाऱ्या संवेदकांना) जाणवते आणि त्यावरून खरी उत्तर दिशा व ढोबळ अक्षांश ही यंत्रणा स्वतः काढते, परंतु रेखांश तिला कोणत्याही उपायाने कळत नाही. तो माणसानेच सांगावा लागतो. १० मार्च २०१५ रोजी सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या ए-३३० मध्ये १५१ अंश ९.८ मिनिटांऐवजी १५ अंश १९.८ मिनिटे असा रेखांश भरला गेला आणि विमानाच्या हिशेबी जागेत ११,००० किलोमीटरांहून अधिक फरक पडला. चूक ध्यानात येण्याच्या संधी जमिनीवरच होत्या. हवेत दुरुस्तीचे प्रयत्न झाले तेव्हा आणखी यंत्रणा निकामी झाल्या, आणि सिडनीचे हवामान खराब असल्याने विमान अखेर मेलबर्नला उतरवावे लागले. याला कोणी खेळ म्हणणार आहे काय?

तेव्हा ओळ पुसू नका. संगणकाच्या पडद्यावरच्या ‘रेफ एअरपोर्ट’ (संदर्भ विमानतळ) या रकान्यात विमानतळाचा चार अक्षरी संकेत टाका, त्यासमोर येणारी जागा जशीच्या तशी खाली उतरवा आणि हाताने आकडे टंकण्याचा मोह टाळा. अलाइनमेंट आधीच झाली असेल, तर विमान हलू न देता दोन्ही आयआरएसचे खटके ‘अलाइन’वर आणून योग्य जागा भरा आणि पुन्हा ‘नेव्ह’वर (दिशादर्शनावर) न्या, अर्ध्या मिनिटात काम होते. हे हवेत मात्र कदापि करू नये.

उड्डाणानंतर येणाऱ्या इतर इशाऱ्यांबद्दलही तुम्ही विचारले आहे. त्यासाठी नेव्हिगेशन डेटाबेस, म्हणजे हवाई मार्ग आणि विमानतळांच्या माहितीचा साठा, जुना आहे का ते आधी पाहा, कारण खरा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो.

एक मान्य करायला हवे: मागच्या उड्डाणाची जतन केलेली स्थिती उघडल्यामुळे जुनीच जागा शिल्लक राहिली असेल, तर रीस्टार्टने खरोखर काम भागू शकते. मेव्हण्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे, पण त्या संध्याकाळी तसे काहीही झालेले नव्हते, आणि ते वीजबिल मी अजून जपून ठेवले आहे.